मदत हवी आहे: घरकुल मंजूर झालंय आणि काका-काकू ऊसतोडीला निघालेत

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या काका-काकूंचा आहे. गाव बीड जिल्ह्यात, दीड एकर कोरडवाहू, दरसाल कोयता, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने ऊसतोड, ठरलेला. मी पुण्यात नोकरीला आहे, त्यामुळे मोबाइलवर जे बघता येतं ते मी बघतो, पंचायतीच्या चकरा काका मारतात.

यंदा प्रधानमंत्री आवास योजनेत काकूच्या नावावर घरकुल मंजूर झालं. १ लाख २० हजारांपैकी १५ हजारांचा पहिला हप्ता जमा झालाय. दुसरा कधी, तर जोत्यापर्यंत काम येऊन जागेवरचा फोटो अॅपवर चढल्यावर. इकडे मुकादमाचा (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा) ट्रॅक्टर दिवाळी झाली की दारात. उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेऊन बसलेत, त्यातली निम्मी आधीच्या देण्यात गेली, त्यामुळे "यंदा येत नाही" म्हणायची सोय नाही.

१५ हजारांत जोता कोण घालून देतो? खोदाई, दगड, सिमेंट, गवंड्याची रोजी, सगळं धरा. पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, हे लोक परत येणार मार्च-एप्रिलात, जूनमध्ये पाऊस. मंजुरीपासून १२ महिन्यांत घर पूर्ण करायचं आहे, आणि त्यातले पाच-सहा महिने घरमालकीण उसाच्या फडात. योजना आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बारा महिने गावात राहणारं कुटुंब होतं, असं मला तरी दिसतं.

तर, ते नसताना काम चालू ठेवता येतं का? घरकुलाला रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते, ती आजोबांच्या नावाने निघेल का? आणि तिकडे कारखान्यावर राहण्यासाठी सरकारकडून काही मिळतं का? गेल्या साली कोपी (राहायची झोपडी) ओढ्याच्या कडेला होती. बांबूची कमान, वर ताडपत्री, आत शिरायचं तर वाकून. अवकाळी आला त्या रात्री काकू पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसून होती. संडास नाही, पाणी शेतकऱ्याच्या मोटारीवर.

गोदाकाठ
भाऊ, एकच करा: निघायच्या आत जोता घालून घ्या. सिमेंट-लोखंड ओळखीच्या दुकानातून उधारीवर उचला. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे जोत्याचा फोटो चढला की काकू फडात असल्या तरी दुसरा हप्ता जमा होईल. जायच्या आधी पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला भेटून पुढच्या फोटोला घरचं कोण हजर राहील ते सांगून ठेवा, आणि गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे "ऊसतोडीसाठी स्थलांतर" असा साधा अर्ज देऊन पोच घ्या. मुदतीचा प्रश्न निघाला की ती पोच दाखवता येते.

घरकुलवाल्यांना ५ ब्रास वाळू मोफत आहे. तहसीलमधून पास काढा, वाहतूक मात्र तुमच्याच खिशातून. आणि ठेकेदाराच्या हातात पासबुक, एटीएम देऊ नका. आमच्या वाडीत तीन घरं अशीच लिंटलला अडकलीत, मालक फडात आणि ठेकेदार फोन उचलत नाही.

रोजगार_सेवक
रोजगार हमीचं जॉबकार्ड कुटुंबाचं असतं. आजोबांचं नाव त्याच कार्डावर असेल तर ते काम करू शकतात, पण मस्टरवर (हजेरीपटावर) ज्याचं नाव त्यानेच कामावर असायला हवं. हजेरीचा फोटो लागतो. आजोबांना खरंच झेपत असेल तरच नाव घाला. शौचालयाचे १२ हजार वेगळे असतात, तेही मागून घ्या.

कोपीतला
मी स्वतः कोपीत वाढलो, म्हणून शेवटच्या प्रश्नावर लिहितो. तळावर घर बांधून देणारी योजना माझ्या बघण्यात नाही. गाडी सेंटरवाले, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारे, कारखान्याजवळ एकाच तळावर राहतात, तिथे निदान दिवा आणि पाण्याचा नळ मागता तरी येतो. ट्रॅक्टर आणि डोकी सेंटरच्या (डोक्यावरून मोळ्या वाहून वाहन भरणाऱ्या) टोळ्या गावोगाव हिंडतात, त्यांना जो शेतकरी जागा देईल ती. तुमचे काका यातले दिसतात.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलेलं आहे. १० लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचे एकट्याचे १ कोटी होतात. त्यातून तळावर चार संडास आणि एक पत्र्याची शेड होऊ नये? असो. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मात्र आधी काढा, काका-काकू दोघांचं वेगवेगळं. पोरं शाळेत असतील तर संत भगवानबाबा वसतिगृहात नंबर लावा. ४१ तालुक्यांत मिळून ८२ मंजूर आहेत, तुमच्या तालुक्यातलं चालू आहे का ते समाजकल्याणला विचारा.

सीमाभाग
टोळी कर्नाटकात जाणार आहे का? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात मजुरांना राहायला जागा देणं कंत्राटदारावर बंधनकारक होतं. आता त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे. गंमत बघा, बीडहून कोल्हापूरला गेलं तर तो कायदा लागू नव्हता आणि तिथून पुढे निपाणीत पाय ठेवला की लागू. कोपी तीच, चिखल तोच.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. टोळी सांगलीकडेच चाललीय. दुकानदार सिमेंट उधार द्यायला तयार झाला, गवंडी सोमवारी आखणी करतो म्हणालाय. आजोबांचं नाव जॉबकार्डावर नाही असं आत्ता कळलं, नवीन नाव चढायला तुमच्याकडे साधारण किती दिवस लागतात? आणि काका विचारतायत, जोत्याच्या फोटोत काकूच उभी पाहिजे की घरातलं कुणीही चालतं? ज्यांचं नुकतंच झालंय त्यांनी सांगा.