गणपती ते उत्तरायण: वजन उतरवायचा हट्ट नको, पण व्यायामाचा नेम मोडू नका

मांडवीकर

नवरात्र महिन्यावर आलं की बडोद्यातल्या जिममध्ये उभं राहायला जागा मिळत नाही. दसऱ्याच्या सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगा लागतात आणि त्याच जिम ओस पडतात. मग "दिवाळी होऊन जाऊ दे", दिवाळी झाली की "लग्नं उरकू देत", लग्नं उरकली की "आता उत्तरायणनंतरच" (म्हणजे संक्रांतीनंतर). तोवर अंगावर जे चढायचं ते चढून बसलेलं असतं.

माझं मत असं की या चार-साडेचार महिन्यांत वजन कमी करायचा संकल्प कुणी करूच नये. तो मोडतो, आणि एकदा मोडला की माणूस सगळंच सोडून देतो. काटा आहे तिथे राहिला तरी पुष्कळ झालं. व्यायाम मात्र रोज झालाच पाहिजे, वीस मिनिटं का होईना. घरी पाहुणे असोत की आणंदला लग्नाला जायचं असो.

काटा राखण्यावर एवढा भर का, ते सांगतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, 2000) नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत लोकांचं वजन सरासरी 0.37 किलो वाढलेलं दिसलं. एवढ्याशा वाढीकडे कोण लक्ष देतो? पण पुढच्या वर्षभरात ती वाढ उतरलीच नाही. त्यांचे सण दोन महिन्यांचे, आपले त्याच्या दुपटीहून जास्त. दरवर्षी थोडं थोडं साठतं आणि पन्नाशीला डॉक्टर गोळ्या लिहून देतात.

व्यायामाने फराळ जिरतो, या समजुतीत मात्र कुणी राहू नये. एक टेबलस्पून तेलात साधारण 120 कॅलरी असतात. साठ-सत्तर किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर तेवढ्याच जळतात. उंधियुच्या एका वाटीत तेल किती असतं ते आपण सगळे जाणतो. तरीही व्यायाम हवा, कारण हललेले स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, झोप चांगली लागते आणि सकाळी घाम गाळलेला माणूस दुपारी तिसऱ्या लाडवाला हात घालताना थांबतो.

यासाठी पैसेही लागत नाहीत. ज्या गावात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, जिथे राजरत्न माणिकरावांनी मुलांच्या पिढ्या घडवल्या, तिथल्या मराठी माणसाला सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका कुणी नव्याने शिकवायला नकोत.

अलकापुरी_गरबा

काका, निदान नवरात्रात तरी वेगळ्या व्यायामाचा आग्रह धरू नका. आम्ही रात्री नऊला मैदानात उतरतो ते बारापर्यंत. हींच (गरब्याचा एक ठेका) सुरू झाली की श्वास घ्यायला फुरसत नसते. नऊ रात्री इतकं खेळल्यावर सकाळी उठून बैठका मारायच्या, हे शरीरावर जबरदस्ती करण्यासारखं आहे. बडोद्याला देवीनेच वर्षातून एकदा व्यायाम लावून दिलाय, तो मनापासून केला की झालं.

फतेगंज_फिजिओ

नवरात्रातल्या सकाळच्या बैठका मीही बंद करायला सांगेन, तेवढ्यापुरती मी तुझ्या बाजूने आहे. पण गरब्याला व्यायामाची जागा द्यायला माझा विरोध आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दरवर्षी तिसऱ्या-चौथ्या नोरत्यापासून माझ्याकडे गुडघे आणि घोटे यायला लागतात. वर्षभर खुर्चीत बसलेलं शरीर अचानक रोज तीन तास अनवाणी, एकाच दिशेने गिरक्या घेतं. दोढियुं या गरब्याच्या प्रकारात पाऊल मागे पडतं तेव्हा सगळा भार वळलेल्या गुडघ्यावर येतो. मांडीचे आणि नडगीमागचे स्नायू तयार नसतील तर तो भार सांध्याने सोसायचा. 2023च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना तरुण मुलं दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. प्रत्येकाचं कारण एकच होतं असं मी म्हणणार नाही, पण छातीत दडपण, डाव्या हातात कळ किंवा चक्कर आली तर वर्तुळातून लगेच बाहेर या आणि जवळच्या रुग्णवाहिकेकडे जा. "हा गरबा संपू दे" म्हणत थांबू नका.

गरब्याची तयारी गणपतीतच सुरू व्हायला हवी. आठवड्यातून तीनदा बैठका, टाचा उचलणं, जिने चढणं. आणि गरबा सुटल्यावर रात्री एक वाजता जी सेव-उसळ होते, वर बटर लावलेले पाव होतात, तीही हिशेबात धर. नवरात्रात वजन वाढलेली मुलं मी पाहिली आहेत.

दांडियाबाजारची_सून

मांडवीकर काका, तुमचं लिहिणं तळमळीचं आहे, पण ते आयतं ताट समोर येणाऱ्या माणसाने लिहिलेलं आहे. राग मानू नका, मी मनापासून सांगतेय.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझी सकाळ पाचला सुरू होते. डबे, सासूबाईंची औषधं, नोकरी, आणि संध्याकाळी सातनंतर चकलीची भाजणी मळायला घ्यायची. कढईसमोर दोन तास उभं राहिलं की तेलाच्या वासानेच भूक मरते. जेवण होत नाही. मग रात्री अकराला मोडक्या चकल्या, तळाशी उरलेली शेव, करंजीचं उरलेलं सारण, हेच पोटात जातं. त्यात शेजारच्या भाभी मठियां आणि चोराफळी घेऊन येतात. त्यांचं ताट रिकामं परत करायची रीत आपल्याकडे नाही, त्यांच्याकडेही नाही. म्हणून आणखी चकल्या तळायच्या. अशी पाच-सहा घरं धरा. घरात आठ माणसांचा फराळ लागतो आणि तळला जातो वीस माणसांचा. तो पुढे महिनाभर डब्यात बसून राहतो आणि चहाबरोबर संपवला जातो, कारण टाकवत नाही.

या बाईला तुम्ही "वीस मिनिटं का होईना" म्हणता. तिच्याकडे ती वीस मिनिटं नाहीत. ती कुणीतरी तिला दिली पाहिजेत. शंकरपाळी कापायला घरातले पुरुष बसले, ताटांची देवघेव निम्म्यावर आणायचं चार घरांनी मिळून ठरवलं, तर व्यायामाला वेळही निघेल आणि तळणही कमी होईल. वजनाचा प्रश्न व्यायामाच्या चटईवर सोडवता येणार नाही, तो स्वयंपाकघरात कोण किती वेळ उभं राहतं तिथे आहे.

कारेलीबाग_७०

सूनबाई बरोबर बोलल्या. पण मला मुळात हा काटा राखण्याचा विचारच पटत नाही. लक्ष्मीपूजन, भाऊबीज, दसरा, संक्रांत, घरातली दोन लग्नं. खरे सण मोजले तर पंधरा दिवसही भरत नाहीत. त्या दिवशी बहिणीने वाढलेलं पोटभर जेवावं. ताटावर बसून कॅलरी मोजणाऱ्या भावाला वाढताना तिच्या जिवाला काय वाटत असेल?

बाकीच्या दिवसांचं म्हणाल तर तिथे मी तुमच्याहून कडक आहे. थंडी पडली की घरोघरी अडदियो, गुंदर पाक, मेथीचे लाडू, आपल्याकडे डिंकाचे. "शक्ती येते" म्हणून सकाळी एक, संध्याकाळी एक. आमचे वडील ते खाऊन शेतावर जात होते. आपण ते खाऊन मोटारीत बसतो. सणाच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा हे रोजचे लाडू बंद करा.

निझामपुरा_आई

काटा या शब्दावर मला थांबावंसं वाटलं. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. गेल्या नवरात्राआधी ती दिवसातून अनेकदा वजन करायला लागली आणि चणियाचोळी बसावी म्हणून जेवण टाकायला लागली. सगळ्यांच्या उपवासात तिचं न जेवणं खपून गेलं, मलाही उशिरा कळलं. काटा मी माळ्यावर टाकला. चारचौघांत "वजन वाढलंय हं" म्हणणाऱ्या पाहुण्यांनाही मी आता स्पष्ट सांगते की हा विषय आमच्या घरात नको. मोठ्यांनी आपलं काय ते ठरवावं, पण मुलींच्या समोर सणाची चर्चा किलोमध्ये करू नये.

मांडवीकर

निझामपुरा ताई, वाढत्या वयाच्या मुलांसाठी तुम्ही म्हणता तेच योग्य. घरात मुलगी असेल तर काटा नकोच, आणि जेवण टाकणं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

मोठ्यांसाठी मात्र मी काट्याची बाजू सोडणार नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी 272 लोकांचे नाताळात दोन गट केले होते (ब्रिटिश मेडिकल जर्नल, 2018). एका गटाला आठवड्यातून निदान दोनदा वजन करायला सांगितलं, खाण्याबद्दल साध्या सूचना दिल्या आणि कुठला पदार्थ जिरवायला किती चालावं लागतं ते कळवलं. दुसऱ्याला फक्त एक पत्रक. शेवटी दोन्ही गटांत जवळजवळ अर्ध्या किलोचा फरक पडला. फक्त मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहू नये. मिठाने आणि पिठूळ-गोड खाण्याने शरीरात पाणी धरलं जातं, काटा एक-दीड किलो वर दिसतो आणि माणूस उगाच हाय खातो. ज्यांना काटा नकोच त्यांनी शिंप्याची टेप घ्यावी. आपल्याकडे कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंमी आणि स्त्रियांत 80 सेंमीच्या आत असावा असं धरतात.

कारेलीबाग काका, भाऊबीजेच्या ताटाला माझी कधीच हरकत नव्हती. लाडवांबद्दल तर मी तुमच्याच मागे उभा आहे.

दांडियाबाजार ताईंच्या मुद्द्यावर बोलायचं तर ताटांच्या देवघेवीचं आमच्या वाडीत मी यंदा स्वतः काढतो. ते बायकांनी बोललं की कंजूषपणा ठरतो, म्हणून पुरुषांनीच बोलावं.

सुभानपुरा

उपवासाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. मी मधुमेही आहे. नवरात्राच्या उपवासाने वजन उतरतं या भरवशावर बरेच जण असतात. कोरड्या साबुदाण्याच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 कॅलरी, आणि तो जवळपास निव्वळ पिष्ट. वर शेंगदाण्याचं कूट, तूप आणि बटाटा. साखर सर्रकन चढते. उलट जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन दिवसभर निर्जळी राहतात आणि रात्री गरबा खेळतात, त्यांची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस बदलायचा का हे नवरात्राआधीच डॉक्टरांना विचारा, आणि मैदानात खिशात ग्लुकोज ठेवा.

फतेगंज_फिजिओ

एक सुचवतो. साधारण 16 डिसेंबरला कमुर्ता लागतो आणि उत्तरायणपर्यंत लग्नं बंद. वर्षातली सगळ्यात छान हवा, आणि जेवणावळी नाहीत. बिघडलेली घडी बसवायला हाच महिना वापरा. सकाळी साडेसहाला कामाटीबागेत जमू या. अर्धा तास चालणं, मग बैठका आणि जोर. कोण येतंय?

मांडवीकर

मी येतो.

अलकापुरी_गरबा

मीही. गुडघे दाखवायचेच आहेत.

दांडियाबाजारची_सून

साडेसहा म्हणजे डब्यांची वेळ, आमच्यातली एकही येऊ शकणार नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते, हे तुम्ही फिजिओ लोकच सांगता ना? मग रात्री साडेआठला आमच्या वाड्यासमोर जमायचं ठेवा. भांडी त्या वेळी घरातली बाकीची मंडळी घासतील. मला धरून चौघी नक्की, नणंदेला विचारून पाचवी कळवते.