दादरला खायचं कुठे ते कळतं, बसायचं कुठे?

गोखलेरोडकर

गेल्या रविवारची गोष्ट. नाशिकहून मावसभाऊ आला होता, सात-आठ वर्षांनी भेटत होतो. त्याला घेऊन दादर पश्चिमेच्या एका जुन्या उपाहारगृहात गेलो. नाव सांगत नाही, दोष काही त्यांचा एकट्याचा नाही. नाव लिहून वीस मिनिटं बाहेर उभे. आत गेलो तर समोरच्या दोन खुर्च्यांवर अनोळखी जोडपं, म्हणजे घरचं काही बोलायची सोय नाही. साबुदाणा वडा आला, पियूष आलं, आणि पेल्यात दोन घोट शिल्लक असतानाच बडीशेपेच्या बशीतून बिलही आलं. भाऊ मुलीचं लग्न ठरल्याचं सांगत होता. जावयाचं नाव तोंडावर आलं आणि वेटर म्हणाला, "काका, अजून काही?" या 'अजून काही'चा अर्थ दादरकरांना समजावायला नको. जावयाचं नाव मला फुटपाथवर कळलं, तेही बसच्या हॉर्नमध्ये.

माझं म्हणणं असं, की खाण्यात आमच्या भागाचा हात कोणी धरणार नाही. मामा काण्यांचं उपाहारगृह १९१० पासून आहे. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हा आम्ही चाळभर पेढे वाटायचेच बाकी होतो. पण बशी रिकामी झाली की इथे माणूस नकोसा होतो. कोपऱ्यावरचे इराणी एकेक करून गेले, त्या जागी बँका आणि मोबाइलची दुकानं आली. उपाहारगृहांनी निदान दुपारी तीन ते पाच तरी लोकांना बसू द्यावं. काय मत?

बाराखडी

शीर्षक वाचून वेगळ्याच अपेक्षेने धावत आलो होतो. 'बसायचं कुठे' असं कोणी विचारलं की मी पिशवी उचलतो. असो. पियूषावर चर्चा चालू द्या.

गल्ल्यावरून

काकांचं उपाहारगृह होतं (दादरला नव्हे, पण मुंबईतच). कॉलेजात असताना चार वर्षं मी गल्ल्यावर बसलो, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

आमच्याकडे बारा टेबलं. सकाळी नाश्त्याला एक आणि संध्याकाळी पाचनंतर एक, अशा दोन लाटा. कमाई काय ती तेव्हाच. मिसळ खाणारा माणूस पंधरा-वीस मिनिटांत उठतो. टेबल तासाला तीनदा फिरलं तर जागेचं भाडं, आचाऱ्याचा पगार, गॅस आणि तेल निघतं. दोन जण एक प्लेट वडा नि दोन चहा घेऊन तासभर बसले, की मागची दोन गिऱ्हाइकं दारातून परत जातात. जुन्या उपाहारगृहांनी पदार्थाचे भाव आवाक्यात ठेवलेत ते याच घाईच्या जोरावर. टेबल फिरणं थांबवा, मग वड्याची किंमत बघा आणि पुढच्या महिन्यात 'मराठी माणसाला परवडेल असं काही उरलं नाही' असा धागा काढा.

दुपारी तीन ते पाच म्हणता? तेव्हा आमच्याकडे पोरं फळीवर अंग टाकायची. पहाटे पाचला उठलेली असायची ती.

आणि इराण्याच्या नावाने गळे काढू नका. त्यांच्याकडेही जास्त वेळ बसू नये अशा पाट्या असायच्याच. बिचारे वाचून दाखवत नव्हते, एवढंच.

कट्टेकरी

मूळ प्रश्नच चुकलाय. बसायला पैसे का मोजायचे? शिवाजी पार्कला किलोमीटरभराहून लांब कट्टा आहे, फुकट. १९२५ मध्ये मैदान खुलं झालं तेव्हा नाव माहीम पार्क होतं, १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालं. सुमारे २८ एकर मोकळी जागा या शहरात कोणी आज ठेवली असती का? आणि २०१० पासून हायकोर्टाच्या आदेशाने शांतता क्षेत्र आहे, त्यामुळे ठरावीक दिवस सोडले तर भोंग्याचा त्रास नाही. जावयाचं नाव नीट ऐकू आलं असतं.

आमची पद्धत सांगतो. छबिलदासच्या गल्लीत श्रीकृष्णचा वडा बांधून घ्यायचा. चालत कट्ट्यावर येईतो कागदाला तेल सुटतं आणि वडा खाण्याजोगा कोमट होतो. मग दोन तास कोणी 'अजून काही' म्हणत नाही. चालायचं असेल तर चैत्यभूमीजवळचा व्ह्यूइंग डेक आहे, २०२२ पासून. तिथून सी लिंक समोर दिसतो.

मृण्मयी

कट्टेकरी, कट्टा मलाही आवडतो. रात्री दहाला एकटी बसले तरी तिथे भीती वाटत नाही, आणि हे मुंबईतल्या फार थोड्या जागांबद्दल म्हणता येईल. पण तुमच्या दोन तासांत बाईमाणसाने जायचं कुठे, याचा विचार केलाय? आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढे-मागे. एकीचे गुडघे गेलेत, तिला पाठ टेकायला लागते. कट्ट्याला पाठ नाही. वारा सुटला की मैदानातली लाल माती डोळ्यांत. आणि जूनपासून चार महिने बसायचं कशावर, छत्रीवर?

म्हणून आम्ही महिन्यातून एकदा नव्या कॅफेत जातो. अडीचशेची कॉफी कडू लागते, किंमत त्याहून कडू. पण ते भाडं आहे असं समजून देतो: पंखा, पाठीची खुर्ची, स्वच्छ बाथरूम आणि तीन तास. घरच्यांचं म्हणणं, 'एवढ्या पैशात चार मिसळी आल्या असत्या.' आल्या असत्या, आणि अर्ध्या तासात आम्ही रस्त्यावर आलो असतो.

गोखलेरोडकर

@मृण्मयी, पण मग बसणं ही पैसेवाल्यांचीच गोष्ट झाली ना? माझे वडील गिरणीत होते, पहिल्या पाळीहून सुटल्यावर इराण्याकडे एका ब्रून मस्क्यावर वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. ते तुमच्या कॅफेत पायरीही चढले नसते.

@गल्ल्यावरून, पोरांच्या झोपेचं लक्षात आलं नव्हतं. तेवढा मुद्दा मागे घेतो.

बाराखडी

आता गंभीरपणे. दादरमध्ये मध्यमवर्गीय माणसाला कोणी उठवत नाही अशी एकच जागा आहे, ती म्हणजे परमिट रूम. एक क्वार्टर, सोड्याच्या दोन बाटल्या, शेंगदाणे नि काकडी फुकट, अडीच तास. वेटर गेली वीस वर्षं तोच, मुलांच्या दहावीचे मार्क विचारतो. (हे 'परमिट' १९४९ च्या दारूबंदी कायद्यातलं. आजही कागदोपत्री परवाना लागतो, आणि तो खिशात असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.) तिथे जी सुखदुःखं बोलली जातात ती मिसळीच्या टेबलावर बोलूच शकत नाही.

मृण्मयी

बाराखडी, त्या सुखदुःखांच्या जागी बायका किती दिसल्या वीस वर्षांत? फॅमिली रूम म्हणून वर जो माळा असतो, तिथे एसी आणि भाव दोन्ही जास्त. म्हणजे आमच्यासाठी तोही कॅफेच.

बाराखडी

पास.

८.०४ कल्याण

मंडळी, तुम्ही दादरला राहता म्हणून 'बसायचं कुठे' हा प्रश्न पडतो. माझ्यासाठी दादर म्हणजे पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर जातानाचा पूल. त्यात पंधरा मिनिटं मिळाली तर मामा काणेंकडचा वडा, तोही घड्याळाकडे बघत. टेबल झटपट फिरतं म्हणूनच माझ्यासारख्याला जागा मिळते. दादरकर तासतास बसायला लागले तर आम्ही उपाशी गाडीत चढायचं काय? या स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्यांनी वडापाव सुरू केला असं सांगतात. तो उभ्याने, एका हाताने खाता यावा म्हणूनच ना? घाई हाच दादरचा धर्म आहे, धागाकर्ते. तुमच्या भावाला माटुंग्याला न्यायचं होतं.

कट्टेकरी

माटुंग्याला रविवारी? कॅफे मद्रासबाहेर नंबर लागेपर्यंत भावाच्या मुलीचं लग्न होऊन बारसं झालं असतं. 😄

ठाकूरद्वार

गिरगावकर इतका वेळ गप्प होता याची नोंद घ्यावी. आमच्याकडेही 'प्रकाश' उपाहारगृह आहे, फणसवाडीत 'विनय' आहे, आणि तिथेही कोणी पलंग टाकून ठेवलेला नाही. आम्ही बसायचो ते चाळीच्या गॅलरीत. चहा घरातून यायचा, माणसं आपोआप जमायची. चाळी पाडून टॉवर झाले, गॅलरी गेली आणि मग सगळ्यांना हॉटेलात निवांतपणा हवासा झाला. तो बिचाऱ्या हॉटेलवाल्याकडे कधी नव्हताच.

गल्ल्यावरून

+१. शेवटची दोन वाक्यं आमच्या काकांना वाचून दाखवतो.

एक उपयोगाचं सांगतो: सोमवारी नाहीतर गुरुवारी मालवणी खाणावळीत जा. अर्ध्या दादरचा वार असतो, टेबलं रिकामी असतात. 'सिंधुदुर्ग' हॉटेलसारख्या ठिकाणी रविवारी ताटकळावं लागतं, तिथे सोमवारी दुपारी दोननंतर सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तरी कपाळाला आठी नाही. गर्दी नसताना माणूस बसलेला मालकालाही बरा वाटतो, बाहेरून हॉटेल भरलेलं दिसतं.

गोखलेरोडकर

सोमवार आमच्याकडेही असतो हो. बायकोचा. तरी बघतो.

ठाकूरद्वार

तोवर एक दिवस इकडे या. मेट्रो ३ झाल्यापासून दादर ते गिरगाव थेट आहे, घाम न येता.

कट्टेकरी

उलट करू. येत्या रविवारी संध्याकाळी सहा, उद्यान गणेशाच्या बाजूचा कट्टा. वडे माझ्याकडे. ८.०४ वाल्यांनी एक दिवस गाडी चुकवावी. मृण्मयीताई, पाठीच्या दोन घडीच्या खुर्च्या घरून आणतो.

मृण्मयी

आणि पाऊस आला तर?