मदत हवी आहे: चाकोरीबाहेरच्या संशोधनासाठी पीआरवाला धरावा का?

मंडळी, सल्ला हवाय. आमचा छोटा ग्रुप आहे, विषय असा की नाव काढलं तरी लोक हसतात, फंडिंग नाही, पेपर परत येतात (एकदा तर न वाचताच आला असं वाटलं). आता एक सहकारी म्हणतोय पीआरवाला धरू, प्रेसनोट काढू, लोकांना कळलं की पैसाही येईल. मला धाकधूक वाटते ती कोल्ड फ्यूजनमुळे (साध्या तापमानाला अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवल्याचा दावा), १९८९ मध्ये पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी पेपर छापून यायच्या आधीच अमेरिकेत युटामध्ये पत्रकार परिषद घेतली, जगभर गाजावाजा झाला, मग बाकीच्या लॅबना तो प्रयोग काही जमेना आणि अख्खा विषयच बदनाम झाला. पण बॅरी मार्शल या डॉक्टरने, पोटातला अल्सर जिवाणूंमुळे होतो हे पटवायला, १९८४ मध्ये स्वतः ते जिवाणू पिऊन दाखवले, त्याचीही चर्चा झालीच की, आणि २००५ ला सहकारी वॉरनसोबत नोबेल! अर्थात त्याच्या हातात पुरावा होता.

तर कोणी हे केलं असेल तर सांगा ना, आधी प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) आणि डेटा खुला करायचा की पत्रकारांशी बोलायचं? आणि 'अजून दुसऱ्या लॅबने पडताळलेलं नाही' हे वाक्य पीआरवाले प्रेसनोटमध्ये राहू देतात, की पहिलं तेच उडवतात?