सिरॅमिक कोटिंग : लेप, मुलामा की आणखी काही?

एका लेखाचं भाषांतर करतोय. विषय आहे कार्बन संमिश्रांवरचं, म्हणजे कार्बनच्याच धाग्यांनी बळकट केलेल्या कार्बनवरचं, सिरॅमिक कोटिंग. 'मृत्तिका विलेपन' लिहून पाहिलं, तर अंगाला माती फासल्यासारखं वाटलं. 'मुलामा' चालेल का?

— मुलामा नको. आत पितळ, वर सोनं, हा त्याचा रोख; तो दिसण्यासाठी देतात. इथे आतल्याचा जीव वाचवायचाय. हवा नसेल तर कार्बन संमिश्र २००० अंश सेल्सिअसच्या पुढेही ताकद टिकवतं, हवेत मात्र ५०० च्या आसपासच जळायला लागतं. लोखंडाचा गंज निदान जागेवर राहतो. कार्बन वायू होऊन निघून जातो, मागे खड्डा. आणि 'मृत्तिका' सोडाच, हे कोटिंग असतं सिलिकॉन कार्बाइडसारख्या सिरॅमिकचं, त्यात माती कुठली?

— मग लेप?

— बरा आहे, पण लेप बाहेरून लावतात. स्पेस शटलच्या नाकावर आणि पंखांच्या पुढच्या कडेवर जे होतं ते तसं नव्हतं. कार्बनचा भाग सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड आणि अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीत पुरून भट्टीत तापवत. वरवरच्या कार्बनचंच सिलिकॉन कार्बाइड होई. दुधावरची साय दुधाचीच, तसं. त्याला मी 'कवच' म्हणेन. वाफेतून बसवलेला असेल तर 'थर'. ब्रशने लावून भाजला असेल तर खुशाल लेप.

— 'सेल्फ-हीलिंग'चं काय? 'स्वयंउपचारक' लिहिलंय.

— दवाखाना आठवतो! आधी काय घडतं ते पाहा. थंड होताना सिलिकॉन कार्बाइड आतल्या कार्बनपेक्षा जास्त आकसतं, म्हणून त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. त्यांतून ऑक्सिजन आत शिरतो. कोटिंगमध्ये बोरॉन असेल तर त्याचं ऑक्साइड होतं, ते ४५० अंशांच्या आसपास वितळतं आणि भेगांत उतरतं. फार तापलं की ते उडून जातं. मग सिलिकाची काच ते काम करते. हे फटीत लांबी (पुट्टी) भरणंच झालं, फक्त सुरी कुणी धरत नाही. 'भेगा आपोआप बुजवणारं' लिहा, लांबलं तरी चालेल. 'स्पॉलिंग'ला मात्र 'पोपडे निघणे' तयारच आहे, नवा शब्द पाडू नका.

— ठीक, शीर्षकात 'सिरॅमिक कवच'. ऑक्सिडेशनला 'झिजणे'?

— झिजतं ते घासून. एकदा 'ऑक्सिडीकरण' लिहा, पुढे सरळ 'जळणे'. ज्वाळा दिसत नाही म्हणून संपादक हरकत घेतील, तेव्हा त्यांना निखारा दाखवा.