जुन्या लोखंडी पेटीत चोरकप्पा आहे की नाही, कसं ओळखायचं?

प्रश्न:
पेटी जर्मन पद्धतीची आहे. जाड पत्रा, त्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या रिव्हेटनं ठोकलेल्या, झाकणाच्या आत १२ खटक्यांचं (म्हणजे काठात अडकणाऱ्या जिभांचं) कुलूप. किल्ली झाकणाच्या मधोमध लागते. समोरही नक्षीदार भोक आहे, पण त्यात किल्ली जेमतेम सेंटिमीटरभर जाते. बाहेरून उंची ४१ सेंमी, आतली खोली ३१. मग १० सेंमी गेले कुठे? तळाचा पत्रा उचकटून बघावा का?

प्रतिसाद १:
मुळीच उचकटू नका. या पेट्या १६ व्या ते १८ व्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग, ऑग्सबर्ग भागात बनल्या. त्यांना ‘आर्माडा पेटी’ म्हणतात, पण इंग्लंडवर चालून गेलेल्या १५८८ च्या स्पॅनिश आरमाराशी (आर्माडाशी) त्यांचा संबंध नाही. ते नाव फार नंतर चिकटलं. समोरचं भोक खोटंच असतं, चोराला गुंतवायला. खरं भोक झाकणावर, बहुधा सरकणाऱ्या पट्टीखाली किंवा खोट्या रिव्हेटखाली लपवलेलं. पेटीचं गुपित असतं ते भोकाचं, कप्प्याचं क्वचितच.

आता माप. झाकण उघडून फक्त धडाची उंची घ्या: वरच्या काठापासून तळाच्या बाहेरच्या पट्टीपर्यंत. पाय आणि झाकण धरू नका. बहुतेकांची चूक इथेच होते.

प्रश्नकर्ता:
पाय ३ सेंमी, झाकण ६, धड ३२. म्हणजे फरक फक्त १ सेंमी. तळाला चार भोकंही आहेत.

प्रतिसाद १:
मग तळात काही नाही. पत्रा, बाहेरची पट्टी आणि रिव्हेटची डोकी मिळून तेवढी जाडी होतेच. तळाची भोकं बहुधा पेटी जमिनीला बोल्टनं जखडायची. चुंबकानं शोधू नका, लोखंडाच्या पेटीत तो सगळीकडेच चिकटेल.

प्रतिसाद २:
आत एका टोकाला स्वतःचं झाकण असलेला छोटा खण असेल तर तोही मोजा, बाहेरून आणि आतून. लाकडी पेट्यांत चोरकप्पा बहुधा तिथेच निघतो: खणाचं झाकण उघडल्यावर त्याची पुढची फळी वर सरकते आणि मागे दोन-तीन छोटे ड्रॉवर असतात. जुन्या लिहायच्या पेट्यांत दौतीच्या खणाची बाजूची फळी पातळ पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर असते. दाबली की सुटते. ती अडली तर पातळ प्लास्टिकची पट्टी फटीत हळूच फिरवा, स्क्रू-ड्रायव्हर नको. लाकूड दमट हवेत फुगलेलं असेल तर कोरड्या खोलीत काही दिवस राहू द्या, बऱ्याचदा आपोआप सैल होतं.

प्रतिसाद ३:
एक महत्त्वाचं राहिलं. काही कुलपांत खटक्यांची टोकं तिरकी असतात आणि झाकण पडताच ती आपोआप अडकतात. किल्ली आत राहिली तर पेटी बंदच. आधी झाकण उघडं ठेवून एकेक खटका लाकडी काठीनं दाबा. आत जाऊन उसळून परत आला, तर ही तीच जात. अशा पेटीची किल्ली कधीही आत ठेवू नका. झाकणाला आधार द्या, वजन बोटं ठेचण्याएवढं असतं.

किल्ली जड फिरत असेल तर जोर लावू नका, दात किंवा दांडा तुटतो. कुलपाच्या सांध्यांवर पातळ तेलाचे थेंब सोडा, रात्रभर थांबा, मग झाकण उघडंच ठेवून किल्ली फिरवा. गंजासाठी आम्ल लावू नका. बाहेरच्या चौकटींत फुलांची मूळ रंगकामं असू शकतात, ती कायमची जातील.