मदत हवी: जुन्या माउंटन बाइकची सीटची दांडी अडकली आहे

रानजाई
सीटची दांडी हलत नाहीये. वर नाही, खाली नाही, फिरतही नाही. बोल्ट काढलाय, डब्ल्यूडी-४० (गंजलेले भाग सोडवायचा स्प्रे) मारून झालं, दोघांनी मिळून पिळून पाहिलं. सायकलवाला म्हणतो वरून कापून टाकू. मला ते नकोय. दिवाळीत सिंहगड चढायचाय, त्याच्या आत सायकल रस्त्यावर यायला हवी. कोणी हे केलंय का? लवकर सांगा.

घाटवेडा
सायकल कोणती? फ्रेम लोखंडी की ॲल्युमिनियमची? आणि दांडी?

गॅरेजवाला_नाशिक
ब्लो टॉर्चने फ्रेम बाहेरून तापवा आणि पिळा. ट्रॅक्टरच्या पिना आम्ही अशाच सोडवतो.

घाटवेडा
कृपया तापवू नका! दांडी ॲल्युमिनियमची असेल तर ती लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. आणखी घट्ट बसेल, रंग जळेल तो वेगळाच.

गॅरेजवाला_नाशिक
तापवून गार केलं की गंज तडकतो. हातचा अनुभव आहे.

घाटवेडा
लोखंडात लोखंड असेल तर मान्य. म्हणून तर धातू विचारतोय.

डोंबिवलीकर
एवढ्या खटपटीत नवी २९ इंची येईल, डिस्क ब्रेकवाली. जुन्याचे पार्टही मिळत नाहीत.

रानजाई
नवी नकोय. ही बाबांची आहे, १९९४ मध्ये अमेरिकेत घेतलेली, परत येताना बरोबर आणली. ट्रेक कंपनीची. फ्रेमवर क्रोमोली लिहिलंय. दांडी चंदेरी आहे, धातू कसा ओळखायचा?

घाटवेडा
चुंबक लावा. क्रोमोली पोलादच, फ्रेमला चिकटेल. दांडीला चिकटला नाही तर ॲल्युमिनियम.

सायकलमावशी
सीट वर हवी आहे की खाली, ते कोणीच विचारलं नाही.

रानजाई
खाली. बाबा सहा फुटी, मी पाच-दोन. चुंबक दांडीला चिकटत नाही.

सायकलमावशी
मग आधी खालीच ठोका. सीट काढा, दांडीवर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि हातोडीने सरळ, बेताचे ठोके द्या. केसभर जरी खाली गेली तरी पकड सुटते, मग वरही येते. आणि सायकलवर दोन्ही पाय टेकवून उभ्या राहून बघा. मधला दांडा लागत असेल तर फ्रेमच तुम्हाला मोठी आहे, सीट उतरवून ते दुखणं जाणार नाही.

रानजाई
उभी राहिले, दोन बोटं जागा आहे.

घाटवेडा
जमेल मग. ॲल्युमिनियम गंजलं की त्याचा ऑक्साइड जास्त जागा घेतो, दांडी पाचरीसारखी बसते. डब्ल्यूडी-४० त्याला विरघळवत नाही. अशा वेळी बरेच जण अमोनिया वापरून बघतात. पेडलच्या दोन दांड्यांना (क्रँक) जोडणारा मधला एक्सल काढा, सायकल उलटी करा आणि त्या भोकातून सीटच्या नळीत अमोनिया ओता. रात्रभर ठेवा. मोकळ्या हवेत, चष्मा-हातमोजे घालून. जवळपास ब्लीचिंग पावडर नको, विषारी वायू होतो. मग मावशींचे ठोके. सुटली की नळी पाण्याने धुऊन, वाळवून, आत ग्रीस लावा.

रसायन
कॉस्टिक सोडा दांडी पूर्ण खाऊन टाकतो, लोखंडाला काही करत नाही.

घाटवेडा
आणि हायड्रोजन सोडतो, उकळतो, रंग काढतो. घरी अजिबात नको. अगदीच हटून बसली तर वरचा भाग कापून, आतून लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने उभी चीर पाडून दांडी आत दुमडतात. तासन् तास जातात, पण फ्रेम वाचते.

सिंहगडप्रेमी
पायथ्याच्या चढाला पुढचा लहान गिअर लागेल. पहाटे निघा, नंतर गाड्यांची रांग लागते.

घाटवेडा
सिंहगडाआधी ब्रेक. त्या काळची म्हणजे कँटिलिव्हर (रिमला दाबणारे जुन्या धाटणीचे ब्रेक) असणार. रबर आता दगड झालं असेल, ते बदलाच.

डोंबिवलीकर
व्ही-ब्रेकच (लांब हातांचे, नंतर आलेले रिम ब्रेक) लावा ना सरळ.

घाटवेडा
मग लिव्हरही बदलायला हवेत. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते. जुन्या लिव्हरने मूठ हँडलला टेकते तरी गाडी थांबत नाही. चांगलं रबर लावून नीट जुळवलेले कँटिलिव्हर पुरतात.

रानजाई
टायरसुद्धा फाटलेत. दुकानातून २६ इंची आणले, रिमवर चढतच नाहीत.

सायकलमावशी
त्यावर २६ × १ ३/८ लिहिलंय का? ते लेडीज सायकलचं माप, ५९० मिमी. तुमची रिम ५५९. टायरवर दशांशात हवं, १.९५ किंवा २.१०.

रानजाई
हो, तेच लिहिलंय! परत करते. अमोनिया मिळाला. एक्सल काढायला आधी क्रँक उतरवावे लागतील असं दिसतंय. कोथरूडमध्ये कोणाकडे क्रँक पुलर आहे का? शनिवारी येऊन घेऊन जाईन.