मदत हवी आहे: कण्हेरीच्या हॉकमॉथ पतंगाची अळी कोषावर आली आहे

तगरीवर डॅफ्निस नेरीची, म्हणजे कण्हेरीवर वाढणाऱ्या हॉकमॉथची अळी सापडली. बोटाएवढी जाड, हिरवीगार, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळे. खरे नव्हेत, पण डिवचलं की मान आखडून तेच पुढे करते! कालपासून पाठ तपकिरी पडलीय, खाणं बंद, झाडावरून उतरून नुसती फिरतेय. म्हणजे कोष करणार हे नक्की. हे पतंग पालापाचोळ्यात कोष करतात, म्हणून डब्यात सुकी पानं घातलीत. खाली मातीही हवी का? पाणी शिंपडावं का? बाहेर आल्यावर पंख ताणायला लटकावं लागतं, त्यासाठी काडी लावू की जाळी? हिरव्या-गुलाबी नक्षीचे ते पंख धड उलगडायला हवेत. कुणी ही अळी वाढवली असेल तर कृपया लवकर सांगा.